कांडण सुटले, अंग सुटले

रायगडच्या मुलखात माणसाचे वजन म्हटले की इतिहासाच्या वाचकास प्रथम एक तुला आठवते. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सोहळ्यात शिवाजी महाराज सोन्याने तोलले गेले, आणि ती तुला सुमारे सोळा हजार होनांची भरली, असे इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन ह्याने लिहून ठेवले आहे. हा गृहस्थ मुंबईहून चौलास आला, तेथून खाडीने वर चढून रोह्याशेजारच्या अष्टमीस उतरला आणि निजामपुरावरून गडाकडे गेला. त्या वाटेवरच्या घराघरांतून पहाटे मुसळाचा आवाज होत असला पाहिजे. परंतु ते मुसळ धरणारीचे वजन किती, हे विचारण्याचे कोणास कारण नव्हते. राजाचे वजन हा दानाचा विषय होता, मिठाचे व भाताचे वजन बाजाराचा. बाईचे वजन हा विषयच नव्हता.

आता तो विषय झाला आहे. पेण आणि रोहे ह्या गावांतील सुशिक्षित घरांत पंचेचाळीस ते पंचावन्न वयाची स्त्री पुष्कळदा मनातून खट्टू असते ती एवढ्याचसाठी की, पाळी मागेपुढे होऊ लागल्यापासून पोटाचा घेर वाढत चालला आणि घास कमी केला तरी काटा हलत नाही. घरात तीस दोन उत्तरे मिळतात. एक, ‘वय झाले, चालावयाचेच.’ दुसरे, ‘जुन्या बायका कशा काटक होत्या, उपासतापास करीत, म्हणून.’ पहिले उत्तर आळसाचे आहे, ते सोडून देऊ. दुसरे मात्र इतिहासाचा आधार घेते, म्हणून ते तपासून पाहणे अवश्य आहे. त्या उत्तरावर भिस्त ठेवून किती तरी स्त्रिया, ज्या वयात अंगची ताकद जपावयाची त्याच वयात, ती उपासाने घालवीत आहेत.

आपल्या जुन्या वैद्यकास ह्या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, पण वेगवेगळ्या. सुश्रुताने शारीरस्थानात स्त्रीच्या रजःप्रवृत्तीची मर्यादा बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितली. आज आपल्या देशातील सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे, म्हणजे तो फार चुकला नाही. चरकाने सूत्रस्थानात आठ प्रकारचे निंद्य देह सांगून त्यांतील अतिस्थूल व अतिकृश ह्या दोघांचाच सविस्तर विचार केला, आणि दोहोंत कृशपण पत्करले, असा निवाडा दिला. स्थूलास त्याने जव, मूग, कुळीथ, मध, ताकापासून केलेले अरिष्ट असे पदार्थ सांगितले, आणि जागरण, व्यायाम व चिंतन ही क्रमाक्रमाने वाढवावीत असे म्हटले. चिंतनाचा अर्थ चिंता असा घेतला, तर आमच्या गृहिणी ह्या उपायाने केव्हाच सडपातळ व्हावयास हव्या होत्या! कुळिथाचे नाव मात्र कोकणातील वाचकांनी लक्षात ठेवावे. पाश्चात्त्य वैद्यकातही ह्या अवस्थेस आजचे नाव फार उशिरा मिळाले. द गार्दान नावाच्या फ्रेंच वैद्याने १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या मथळ्यावर ‘मेनोपॉज’ हा शब्द घातला. मराठीत ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द पुस्तकात राहिला. घरात ‘कावळा शिवेनासा झाला’ एवढे कानात सांगितले की काम भागे.

कानात सांगितलेल्या ह्या गोष्टीस घरात मोठा अर्थ होता, आणि तो औषधपाण्याचा नसून अधिकाराचा होता. पांढरपेशा घरांत पूर्वी मुलीचे लग्न दहाव्या-बाराव्या वर्षी होई. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय ठरविले तेही चौदाच. तेव्हा पस्तिशी-चाळिशीत बाई सासू झालेली असे. सून घरात आली की विहिरीचा पोहरा, घिरट, मुसळ आणि ओल्या धुण्याचे पिळे तिच्या वाट्यास जात. सासूकडे राहत ती कोठीच्या किल्ल्या, देवघर आणि सोवळ्यातला स्वयंपाक. पुढे काही वर्षांत पाळी गेली म्हणजे महिन्याचे चार दिवस बाजूला बसणेही संपे; लोणच्याच्या बरणीस, नैवेद्याच्या ताटास हात लावण्याची कायमची मोकळीक मिळे. अन्नाशी जवळीक वाढली आणि अन्नासाठी करावयाचे कष्ट उतरले, असा हा काळ होता. त्यात तिचे अंग सुटले, तर त्यात नवल ते काय? ‘खात्यापित्या घरची’ म्हणून ते अंग मिरविले जाई. हळदीकुंकवास जमलेल्या बायकांत सडपातळ सासूचीच चौकशी व्हावयाची, की बाई, तुमची सून तुम्हांस नीट पाहते ना?

पण त्याच घराच्या माजघरात त्याच वयाची दुसरीही एक स्त्री असे. ती विधवा नणंद किंवा जाऊ. एकवेळचे जेवण, एकादशीस निराहार, आणि सुनेच्याही आधी उठून सुनेच्याही मागून आडवे होणे, हा तिचा क्रम. पाळी तिचीही गेलेली असे. एकीचे अंग सुटले, दुसरीचे वाळले. शरीराच्या आतील घड्याळाने दोघींना सारखेच वागविले होते. घराने मात्र सारखे वागविले नव्हते. ‘जुन्या बायका काटक होत्या’ असे म्हणताना आपण ह्या दोघींपैकी कोणीला डोळ्यांपुढे आणतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे. बहुधा ती दुसरीच असते, आणि तिच्या काटकपणाची किंमत तिने काय दिली ते आपण विसरलेले असतो.

कांडण म्हणजे काय, हेही आता सांगावे लागते. भात आधी घिरटावर भरडावयाचे, सुपाने तूस पाखडावयाचे, आणि मग तांदूळ उखळात सडावयाचा. मुसळ जवळजवळ माणसाच्या उंचीचे, जड लाकडाचे, तळाशी लोखंडी कडे बसविलेले. पाय रोवून ते डोक्यापर्यंत उचलावयाचे आणि नेमके उखळीच्या खळग्यात सोडावयाचे. समोरासमोर दोघी असल्या तर एकीचे वर जाताना दुसरीचे खाली यावयाचे. चुकले तर बोटांशी गाठ. पेणच्या पोह्यांचे नाव आज सर्वत्र झाले आहे. यंत्र येण्यापूर्वी ते पोहेही असेच, भिजवून भाजलेले भात गरम असतानाच कांडून होत. पोह्याच्या पापडाचा गोळा तर लाटण्यापूर्वी कुटून कुटूनच मऊ करावा लागतो. ह्या सर्व कामांत दंड, खांदे, पाठ, मांड्या ह्यांवर रोज भार पडे. आजच्या व्यायामशाळेत पैसे भरून जे करावयाचे तेच हे, असे कोणी म्हणेल; पण व्यायामशाळेत दमल्यावर थांबता येते. उखळापुढे घरातील दहा माणसांचा तांदूळ होईपर्यंत थांबता येत नसे, मग सातवा महिना असो की अंगात ताप असो. अति भार उचलून ‘अंग बाहेर येण्याचे’ दुखणे किती बायकांनी लाजेने लपविले, त्याची गणती कोणी केली नाही. हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ ह्यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखांवर ओव्या जमविल्या. त्या गोड आहेत ह्यात संशय नाही, पण त्यांत कष्टाचे जे गाऱ्हाणे आहे ते केवळ चालीसाठी आलेले नाही.

येथवर माजघराची गोष्ट झाली. पेणच्या खारेपाटात उतरले म्हणजे गोष्ट आणखी निराळी होते. मिठागरात टोपलीने मीठ वाहणाऱ्या, खारबंदिस्तीच्या चिखलात लावणी करणाऱ्या आगरी बाईस सासूपणानेही विसावा दिला नाही. पिकातला वाटा खोताच्या व सावकाराच्या घरी जाई आणि उरले त्यात तिची पाळी सर्वांच्या मागून. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेती न करण्याचा संप चालविला तो ह्याच वाट्यासाठी, आणि खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली. त्या बाईपुढे वजन कमी करण्याची गोष्ट काढणे ही थट्टा झाली असती. शिवाय पन्नाशी गाठणे हेच तेव्हा सर्वांच्या नशिबी नव्हते. १९११ ते १९२१ ह्या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान विसाच्या आसपास होते. त्यात बालमृत्यूंचा भाग मोठा, हे खरे. तरी बाळंतपणे, हिवताप आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा ह्यांतून निसटून किती जणी पुढे गेल्या असतील? आज स्त्रीचे सरासरी आयुर्मान सत्तरीपलीकडे गेले आहे. पाळी गेल्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे सर्वसामान्य बाईच्या हाती येणे, ही ह्या भागाच्या इतिहासात अगदी नवी गोष्ट आहे. त्या वर्षांचे काय करावयाचे, ह्याचा जुना दाखला शोधू गेले तर तो फारसा सापडत नाही.

मग गिरणी आली. रोह्याच्या वरच्या अंगास, कुंडलिकेच्या खोऱ्यात, भिरा येथे १९२७ साली टाटांचे वीजगृह चालू झाले खरे, पण त्या विजेचा ओघ मुंबईकडे गेला. रोह्यातील मुसळ हातातच राहिले. भात सडण्याच्या गिरण्या पुढे गावोगाव झाल्या, आधी तेलाच्या इंजिनावर आणि मग विजेवर. त्यांविरुद्ध ओरड झाली तीही थोडीथोडकी नव्हे. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार हे त्याचे एक मुख्य काम होते. आइकमान ह्या डच वैद्याने जावा बेटात कोंबड्यांवरून जे पाहिले होते, की अति सडलेला तांदूळ खाऊन बेरीबेरीसारखे दुखणे होते, त्यास १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळून गेले होते. तेव्हा ह्या ओरडीस शास्त्राचाही आधार होता. हातसडीला संरक्षण मिळावे म्हणून स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५८ साली गिरण्यांवर नियमन घालणारा कायदा केला. तांदळातून काय गेले, ह्याचा हिशोब असा बारकाईने झाला. बाईच्या दंडांतून काय गेले, ह्याचा झाला नाही. मुसळ खाली ठेवावयास मिळाले हा तिच्यावर उपकारच होता, आणि ते पुन्हा तिच्या हाती द्यावे असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. पण त्याच्या जागी दुसरे काहीच आले नाही. जे आले ते बसून करावयाचे. गणपतींच्या कारखान्यांत मूर्तींच्या रंगकामास बसणारी पेणची बाई, शाळेतील शिक्षिका, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कार्यालयात काम करणारी, ह्या सर्वांचा दिवस बैठकीतच जातो.

आता उपासाकडे वळू; कारण वजनावर उपाय म्हणून आज त्याचेच नाव प्रथम निघते. ह्या भागातील सर्वांत कडक उपासाचा नमुना पाहावयाचा तर पेण तालुक्यातील गागोद्यास जावे. विनोबा भावे तेथे १८९५ साली जन्मले. त्यांचे आजोबा शंभुराव चांद्रायण करीत असत. शुद्ध प्रतिपदेस एक घास, द्वितीयेस दोन, असे पौर्णिमेस पंधरा. मग एकेक कमी करीत अमावास्येस निराहार. घास केवढा, तर स्मृतिकारांच्या मते मोराच्या अंड्याएवढा. हिशोब केला तर साऱ्या महिन्यात सव्वादोनशे घास होतात. एवढ्याने देह वाळेल ह्यात शंका नाही, पण देह वाळविणे हा त्या व्रताचा हेतूच नव्हता. ते प्रायश्चित्त होते, मनाची शिस्त होती. ह्याच घरातील दुसरी गोष्ट सर्वश्रुत आहे. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई ह्यांनी देवास लाख तांदूळ वाहण्याचा नेम केला होता आणि त्या एकेक दाणा मोजीत. तोळाभर तांदूळ मोजून पुढचे वजनाने घेतले तर वेळ वाचेल, असे वडिलांनी सुचविले. आईने मुलास विचारले, आणि मुलाने सांगितले की, ही गणिताची गोष्ट नाही. प्रत्येक दाण्याबरोबर स्मरण होते. अशा घरातील उपास आणि काट्यावर उभे राहण्यासाठी केलेला उपास ह्यांस एकाच शब्दाने संबोधणे ही भाषेची ओढाताण आहे. ह्या माउलीस १९१८ च्या साथीने नेले.

आणि चांद्रायणाचे नाव घेऊन आपण खातो काय, तर साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि दाण्याचा कूट. ह्यांतील बटाटा व शेंगदाणा अमेरिकेहून दर्यावर्दी लोकांनी आणलेले. साबुदाणा पूर्वी मलायाकडील ताडासारख्या झाडापासून होई. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली तेव्हा १९४३ च्या सुमारास तामिळ मुलखातील सालेम येथे टॅपिओकाच्या कंदापासून तो करू लागले. तो जवळजवळ शुद्ध पीठच; त्यात बळ देणारे फारसे काही नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत ठाकूर-कातकऱ्यांनी पिकविलेली वरी ही जुनी उपासाची जिन्नस त्याहून पुष्कळ बरी, पण ती आता पानात क्वचित दिसते.

शास्त्राने अलीकडे ह्या विषयात ज्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्या वरच्या इतिहासाशी ताडून पाहण्याजोग्या आहेत. २०२१ साली एकोणतीस देशांतील सहा हजारांवर माणसांच्या मोजमापांवरून असे दिसले की, देहाचा आकार हिशोबात घेतला तर विसाव्या वर्षापासून साठाव्यापर्यंत शरीराच्या इंधनाचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. पन्नाशीत ‘भट्टी मंदावते’ हा समज टिकत नाही. अमेरिकेतील स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी करून २०१९ साली दुसरी गोष्ट प्रसिद्ध झाली. पाळी कायमची जाण्याच्या सुमाराची काही वर्षे वजन पूर्वीच्याच गतीने वाढते, पण त्या वजनाच्या आतले घटक बदलतात. चरबी वेगाने वाढते आणि स्नायू घटू लागतात. काटा हे काहीच दाखवीत नाही. हाडेही ह्याच काळात झपाट्याने विरळ होतात. आपल्या लोकांस तर हे अधिकच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिनांच्या अंगात चरबी शेकडा नऊ आणि आमच्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात शेकडा एकवीस. दिसावयास सडपातळ आणि आतून मेदयुक्त असा आपला पिंड पडला. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कमरेचा घेर पाहावा, आणि स्त्रीचा तो ऐंशी सेंटिमीटरच्या आत असावा, असे वैद्यमंडळी सांगतात.

ह्या अवस्थेत नुसता घास तोडला तर जे उतरते त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. मग थोडे खाणे सैल झाले की परत येते ती मुख्यतः चरबीच. २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलेल्या, भूक मारणाऱ्या नव्या इंजेक्शनांनाही हा धोका चुकलेला नाही. पाळी जाताना कमी होणारे संप्रेरक बाहेरून द्यावे, ह्या उपचाराचा १९६० नंतर पाश्चात्त्य देशांत बोलबाला झाला; २००२ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा एक भाग धोके दिसल्यामुळे थांबविण्यात आला, आणि आता तो उपचार माणूस पाहून, विचाराने करतात. अंगाच्या काहिलीवर व झोपमोडीवर त्याचा उपयोग आहे; वजन उतरविण्याचे ते औषध नव्हे.

म्हणजे जुन्या बाईच्या काटकपणात दोन धागे होते, भार उचलणे आणि पोटास चिमटा. आपण अनुकरणासाठी नेमका दुसरा उचलला. वास्तविक ह्या वयात हवा आहे पहिला, पण मापाने आणि स्वतःच्या मर्जीने. आठवड्यातून दोन-तीन दिवस पाण्याने भरलेल्या बाटल्या, वाळूची पिशवी, बसल्या जागेवरून हात न टेकता उठणे, असे काहीही चालेल. पण चरकाने म्हटल्याप्रमाणे क्रमाक्रमाने वाढवीत. रोह्याच्या पुलापर्यंत सायंकाळी फिरून येणे चांगलेच. एवढेच की, चालण्याने दंडास व पाठीस काही मिळत नाही.

आणि पोटास हवे आहेत ते वाल. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर ह्या दोन्ही तालुक्यांत वाल होतो. थंडीत भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात शेंगा भाजून पोपटी होते. मोड आणून सोललेल्या डाळिंब्यांचे बिरडे तर रोह्याच्या कायस्थ घरांचा मान. कुळिथाचे पिठले, सुकट, जवळा, बोंबील हे सर्व स्नायूंचे अन्न परसात व बाजारात पहिल्यापासून आहे. अडचण अन्नाची नव्हती, पानाच्या क्रमाची होती. बिरडे पुरुषांच्या आणि मुलांच्या पानांत संपे, आणि करणारीच्या वाट्यास भात, रस्सा व तळाची खरपुडी येई. हा क्रम पुष्कळ सुशिक्षित घरांत अजून मोडलेला नाही. फक्त आता त्यास ‘मी डाएटवर आहे’ असे नाव मिळाले आहे. पन्नाशीच्या बाईने आपल्या पानात वाटीभर डाळिंब्या आधी वाढून घ्याव्यात, एवढी साधी गोष्ट कित्येक घरांत कोणत्याही व्रताहून अवघड जाते.

मुसळ अजून ह्या घरांतून अगदीच गेलेले नाही. लग्नाच्या आधी घाणा भरतात तेव्हा ते माळ्यावरून खाली काढतात, पुसतात, दोन मुसळे एकत्र करून त्यांस आंब्याची पाने बांधतात, आणि पाच सवाष्णी हात लावून उखळातली हळद कांडतात. पाच घाव झाले की फोटो काढणारा पुरे म्हणतो, आणि ते पुढच्या लग्नापर्यंत माळ्यावर जाते.